चुकलेल्या अक्षराचे मोल

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक मुलगा राहतो. फोर्टात कुरियरच्या कामाला आहे. दिवसभर पाकिटे वाटतो आणि संध्याकाळी घरी येताना काही ना काही खबर घेऊन येतो. परवा रविवारी सकाळी चहाच्या वेळेला आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "काका, जुन्या पुस्तकाला लाखाने पैसे मिळतात, हे खरं का?"

"कुठल्या पुस्तकाला रे?"

"नाव ध्यानात नाही. मोबाईलवर बघितलं. अमेरिकेतलं आहे. त्यात छपाईची चूक आहे म्हणून त्याला भाव जास्त. आमच्या माळ्यावर आजोबांची पेटी आहे ना? आई म्हणते, पावसाळ्याच्या आधी रद्दीत घालू. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

चूक आहे म्हणून भाव जास्त! आमच्या सौभाग्यवती चहा गाळता गाळता हसल्या. म्हणाल्या, "मग आपल्या रेशन कार्डाचे किती येतील? त्यात सासूबाईंचं वय माझ्यापेक्षा कमी लिहिलंय."

हसण्यावारी गेले खरे, पण पोराचे म्हणणे खोटे नव्हते. ते पुस्तक म्हणजे मार्क ट्वेनचे 'हकलबेरी फिन'. त्याला तेव्हा जे सांगितले तेच आज तुम्हालाही सांगतो. कारण पेट्या काही फक्त त्याच्याच माळ्यावर नाहीत.

मार्क ट्वेनचे खरे नाव सॅम्युअल क्लेमेन्स. जन्म १८३५ सालचा, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातला. ते राज्य गुलामगिरीचे. घरातही गुलाम राबत. बाप १८४७ साली वारला आणि थोड्याच दिवसांत पोराची शाळा सुटली. बारा-तेरा वर्षांचा असताना तो छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. पगार काय, तर पोटाला अन्न आणि अंगाला कपडा. रोख पैसा नाही. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, हीच त्याची शाळा. पुढे तो मिसिसिपी नदीवर आगबोटीचा वाटाड्या झाला. पाण्याची खोली मोजणारा माणूस दोन वाव, म्हणजे बारा फूट पाणी लागले की 'मार्क ट्वेन' अशी हाळी देई. बोट सुखरूप जाईल, असा त्याचा अर्थ. तेच नाव त्याने १८६३ साली लेखनासाठी घेतले.

त्याआधी, १८६२ साली, तो नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटी या खाणगावात एका वर्तमानपत्राचा बातमीदार झाला होता. त्याच्या सुरुवातीच्या थट्टेचे लेखन तिथले. त्या दिवसांत दगड झालेले प्राणी, दगड झालेली झाडे सापडल्याच्या बातम्यांना ऊत आला होता. ट्वेनने ऑक्टोबर १८६२ मध्ये एक बातमी ठोकून दिली, की डोंगरात दगड झालेला माणूस सापडला. त्याच्या बसण्याची ढब त्याने इतकी बारकाईने वर्णन केली, की घाईने वाचणाऱ्याला काहीच कळू नये. सावकाश वाचले तर ध्यानात येते, की तो दगडी बाबा एक डोळा मिटून, नाकाला अंगठा लावून, बोटे पसरून वाचकालाच वाकुल्या दाखवतो आहे! तिथल्या ज्या न्यायाधीशाची खोड मोडायची होती, त्यालाही बातमीत ओढले. साहेब त्या दगडावर रीतसर चौकशी बसवतात आणि निकाल देतात, की फार काळ उघड्यावर राहिल्याने मयत झाला. गंमत अशी, की अनेक वर्तमानपत्रांनी ही बातमी खरी समजून जशीच्या तशी छापली.

पुढच्या वर्षी त्याने दुसरी खोटी बातमी लिहिली, पण ती अंगलट आली. काही कंपन्या खोटा नफा दाखवून भागधारकांना गंडवत होत्या, त्यांना टोला हाणायचा होता. म्हणून त्याने लिहिले, की अशा कंपनीत पैसे बुडालेल्या एका माणसाला वेड लागले आणि त्याने स्वतःच्या कुटुंबाचीच हत्या केली. लोकांनी रक्ताचे वर्णन तेवढे डोळे फाडून वाचले. कंपनीच्या लबाडीची ओळ कोणी वाचलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सगळे मागे घ्यावे लागले. पुढे त्याने स्वतःच यावर लिहिले. त्याचे सार असे, की भडक मजकूर मांडला की वाचक तोच घेतो आणि त्यामागची शिकवण तशीच पडून राहते. आजही बातम्यांचे चॅनल लावून बघा. फार फरक पडलेला नाही.

पण मला त्या मुलाला सांगायची होती ती गोष्ट याच्या पुढची. १८६४ साली ट्वेन सॅन फ्रान्सिस्कोला एका दैनिकात लागला. एका रविवारी त्याने रस्त्यावर पाहिले, की धुलाईच्या कपड्यांचे ओझे घेऊन चाललेल्या एका चिनी माणसाला काही टवाळ पोरे दगड मारत आहेत आणि पोलीस शिपाई मजा बघत उभा आहे. त्याने तळमळून बातमी लिहिली. सकाळी वर्तमानपत्र उघडले तर बातमी नाही. संपादकाने काढून टाकली होती. कारण काय? तर हे गरिबांचे वर्तमानपत्र आहे, आपले वर्गणीदार आयरिश कामकरी आहेत, त्यांना चिनी लोकांचा राग आहे आणि वर्गणीदार दुखावून पेपर चालत नाही.

बघा मंडळी, कसे असते ते. आयरिश माणूसही गरीब, चिनी माणूसही गरीब. एकाला दुसऱ्याच्या डोक्यावर उभे केले की वरच्याला निवांत झोप लागते. त्या काळी कॅलिफोर्नियात चिनी माणसाला गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्षसुद्धा देता येत नसे. वरिष्ठ न्यायालयाचा १८५४ सालचा तसा निकालच होता. मग दगड खाऊन दाद मागायची कोणाकडे?

ती बातमी मेली, पण ट्वेन विसरला नाही. १८७० साली त्याने एका मासिकात एक छोटा लेख लिहिला. विषय असा, की चिनी माणसांना दगड मारले म्हणून पोलिसांनी एका मुलाला पकडले. चांगले कपडे घालून रविवारच्या धर्मशाळेत निघाला होता बिचारा! ट्वेन त्या मुलाचीच बाजू घेतो. म्हणतो, या पोराचा काय दोष? कायद्याने त्याला शिकवले, की चिन्याला हक्क नसतात. सरकारने त्याच्यावर वेगळा कर लावून शिकवले, वर्तमानपत्रांनी शिकवले, आईबापांनी शिकवले. मग पोराला वाटले, की देवाच्या घरी जाताना एखादा दगड मारला तर तेवढेच पुण्य. वाचताना आधी हसू येते आणि मग घशात अडकते. पोरगा सुटतो आणि त्याला शिकवणारे सगळे आरोपीच्या पिंजऱ्यात येऊन उभे राहतात. व्यंग म्हणतात ते हे. नुसती टवाळी करायला अक्कल लागत नाही.

"काका, पण चुकीचं काय?" पोराने मला रुळावर आणले. चुकीकडे वळतो.

ट्वेनचे पहिले पुस्तक १८६७ साली न्यूयॉर्कला निघाले. एका उड्या मारणाऱ्या बेडकाची गोष्ट आणि इतर लेख. मुखपृष्ठावर सोनेरी बेडूक. स्वतः खिळे जुळवणारा हा माणूस, पण त्या पुस्तकाची प्रुफे त्याने पाहिली नाहीत. आत चुका बघून तो भयंकर चिडला. पुढे हक्क परत घेऊन त्याने छपाईचे पत्रे मोडायला लावले. आज संग्राहक हेच पुस्तक भिंग लावून तपासतात. कशासाठी? तर छापता छापता पत्रा झिजतो आणि एखाद्या शब्दातले अक्षर तुटते. ज्या प्रतीत अक्षर अखंड, ती आधी छापलेली. जिच्यात तुटके, ती नंतरची.

'हकलबेरी फिन'ची कथा आणखी मजेची आहे. ते अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये निघाले, ट्वेनच्या स्वतःच्याच प्रकाशन कंपनीतून. पहिली छपाई ३०,००० प्रतींची. ही पुस्तके दुकानात मांडत नसत. एजंट नमुन्याची पाने घेऊन दारोदार फिरे, लोक नाव नोंदवत आणि मग पुस्तक घरपोच येई. कापडी बांधणीला पावणेतीन डॉलर. कापड हिरवे, मागून घेतले तर निळे. चामड्याची बांधणी आणखी महाग. एजंट खेड्यापाड्यात जाई, त्यामुळे ज्या घरात दुसरे पुस्तक नाही अशा घरातही ट्वेन पोहोचला.

आता चुका ऐका. सत्तावन्नाव्या पानावर 'करवत' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट पडली आणि 'सॉ'चे 'वॉज' झाले. चित्रांच्या यादीत एका चित्राचा पान क्रमांक ८७ ऐवजी ८८ पडला. छपाई चालू असतानाच या चुका दुरुस्त झाल्या. म्हणून चूक असलेली पाने आधीची, दुरुस्त पाने नंतरची. एवढ्यासाठी चुकीला किंमत! तरी नुसती चूक दिसली म्हणून नाचू नये. बांधताना आधीचे आणि नंतरचे कागद एकमेकांत मिसळले गेले. शिवाय पहिल्या आवृत्तीच्या हुबेहूब नकला पुढे अनेकदा निघाल्या आहेत. जाणकार माणूस कागद, बांधणी, चित्रे सगळे पाहिल्याशिवाय बोलत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा २८३ व्या पानावर झाला. तिथल्या चित्राच्या ठशात कोणा कारागिराने गुपचूप एक अचकट फेरफार केला. कुटुंबाच्या पानात तो सांगण्यासारखा नाही. एजंटांच्या हातात नमुन्याची पाने पडल्यावर, नोव्हेंबर १८८४ मध्ये, तो लक्षात आला. कारागिराचे नाव सांगणाऱ्याला ५०० डॉलरचे बक्षीस लावले, पण चोर सापडला नाही. ते पान कापून नवे चिकटवावे लागले आणि नाताळची विक्री हुकली. आज मूळ चित्राचे पान ज्या नमुन्यात शिल्लक आहे, तो अतिशय दुर्मिळ.

पोरगा डोळे मोठे करून ऐकत होता. मी म्हटले, "अजून एक ऐक. पेटीचीच गोष्ट आहे." या पुस्तकाचे हस्तलिखित ट्वेनने बफेलो शहरातल्या एका वकिलाला तिथल्या ग्रंथालयासाठी दिले होते. दुसरा अर्धा भाग ग्रंथालयात पोहोचला. पहिला अर्धा गडप. वकीलसाहेब १८९७ साली वारले. नव्वद-पंच्याण्णव वर्षे लोक म्हणत राहिले, की तो भाग हरवला. आणि १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या नातीने माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली, तर आत ती शेकडो पाने! आता दोन्ही भाग बफेलोच्या त्याच सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. ती ट्रंक कोणी न उघडता भंगारात दिली असती तर?

एवढे ऐकून पोरगा उठलाच. मी त्याला खाली बसवले. "थांब. या लेखकाचा आणि तुझ्या रोजच्या रस्त्याचा संबंध आहे." काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची लोखंडी सांगाड्याची जुनी इमारत आहे. तिथे पूर्वी वॉटसन हॉटेल होते. १८९४ साली ट्वेनची प्रकाशन कंपनी बुडाली. कायद्याने थोडे पैसे देऊन तो मोकळा होऊ शकला असता. पण पै न पै फेडायची म्हणून साठीचा माणूस जगभर भाषणे देत फिरला आणि १८९८ पर्यंत त्याने कर्ज फेडले. त्या फेरीत जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईला आला आणि वॉटसनमध्ये उतरला.

तिथे खोलीच्या काचेच्या दरवाजाचे काहीतरी काम होते. एक हिंदी नोकर गुडघ्यावर बसून काम करत होता. सोबतच्या जर्मन साहेबाला त्याचे काम पसंत पडले नाही. त्याने आधी त्याच्या जबड्यावर ठोसा मारला आणि मग चूक काय ते सांगितले. नोकराने निमूट सोसले. ट्वेन लिहितो, की असे दृश्य त्याने पन्नास वर्षांत पाहिले नव्हते. तो एका क्षणात बालपणात गेला. त्याचा बाप सज्जन, न्यायी माणूस, मुलाला उभ्या जन्मात दोनदाच हात लावला. पण घरातल्या लुईस नावाच्या गुलाम पोराला मात्र किरकोळ चुकीवरून तो चापट मारी. आणि दहा वर्षांचा असताना त्याने पाहिलेले ते दुसरे दृश्य. काम नीट जमले नाही एवढ्यासाठी एका माणसाने गुलामाच्या डोक्यात लोखंडाचा दगड फेकून मारला. तासाभरात गुलाम मेला. गावात हळहळ झाली, पण कोणी फारसे बोलले नाही. १८९७ साली निघालेल्या त्याच्या प्रवासाच्या पुस्तकात हे सगळे आहे. आपल्याच बापाची गोष्ट तो झाकून ठेवत नाही.

मला विचाराल तर हे पान त्या चुकीच्या पानापेक्षा मोलाचे आहे. आपल्यापैकी कितीजणांच्या आजोबा-पणजोबांनी असल्या साहेबांच्या दारात काम केले असेल! त्यांच्यातला तो गुडघ्यावर बसलेला माणूस कोण, त्याचे नाव काय, ते पुस्तकात नाही. पण तो ठोसा तरी नोंदला गेला.

ट्वेन देवमाणूस नव्हता. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल त्याने सुरुवातीच्या काळात फार वाईट लिहिले आहे. 'हकलबेरी फिन'मध्ये काळ्या माणसांना हिणवणारी शिवी दोनशेहून अधिक वेळा येते. ती पुस्तकातल्या गोऱ्या समाजाची भाषा आहे आणि लेखक त्या समाजाचेच वाभाडे काढतो, हे खरे. पण वर्गात एकटे काळे मूल बसले असताना ती शिवी मोठ्याने वाचली जाते तेव्हा त्याला काय वाटत असेल? काळ्या पालकांनी अनेकदा हरकत घेतली. १९५७ साली न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने ते पुस्तक शाळांच्या मान्य यादीतून काढले. २०११ साली एका प्रकाशकाने शिवी गाळून तिच्या जागी 'गुलाम' हा शब्द घालून आवृत्ती काढली, त्यावरही मोठा वाद झाला. माझे मत विचाराल तर शब्द पुसू नये, पण मुलांना एकटे सोडून वाचायलाही लावू नये. मोठ्याने शेजारी बसून समजावून सांगावे. शिवी पुसली, की शिवी देणाराही पुसला जातो.

एक गोष्ट त्याच्या खात्यावर मांडलीच पाहिजे. १८८५ सालीच, म्हणजे हे पुस्तक निघाले त्याच वर्षी, येल विद्यापीठात वॉर्नर मॅकगिन नावाचा काळा विद्यार्थी कायदा शिकत होता आणि पोटासाठी कामे करत होता. ट्वेनने त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च उचलला. विद्यापीठाच्या अधिकाऱ्याला त्याने पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की काळ्यांचे माणूसपण आम्ही चिरडले, तेव्हा लाज त्यांची नव्हे, आमची आहे आणि त्याची भरपाई आम्हीच केली पाहिजे. मॅकगिन १८८७ साली पदवीधर झाला आणि बाल्टिमोरचा नामांकित वकील बनला. काळ्यांनी कोणत्या वस्तीत राहावे हे ठरवणाऱ्या तिथल्या वटहुकमाविरुद्ध तो लढला आणि जिंकला. त्याच्या हाताखाली धडे घेतलेला तरुण वकील म्हणजे थर्गुड मार्शल. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला काळा न्यायमूर्ती झाला तो हाच. एका पोराच्या खाणावळीचे पैसे कुठवर पोहोचले बघा.

दुपारी आम्ही दोघांनी ती पेटी उतरवली. काय निघाले? रात्रशाळेची वही. जलशाच्या गाण्यांची पातळ पुस्तिका, कव्हर गेलेली. गिरणीच्या संपातली दोन हस्तपत्रके. साप्ताहिकांचे सुटे अंक, कडांना कसर लागलेली. एका पुस्तिकेत छपाईची चूक होती आणि आजोबांनी ती पेन्सिलीने दुरुस्त केली होती, शेजारी बारीक अक्षरात आपली सही आणि तारीख.

पोराने विचारले, "याचे किती येतील?"

"रद्दीवाला किलोच्या भावाने देईल तेवढे. बाजारात कदाचित काहीच नाही. पण ही पुस्तिका आणखी कोणाकडे शिल्लक असेलच, याची खात्री मी देत नाही." ट्वेनची ३०,००० पुस्तके छापली म्हणून काही तरी उरली. आपली हस्तपत्रके काही शे छापली, सभेत वाटली, घडी घालून खिशात गेली आणि धुण्यात विरघळली. दुर्मिळ हा शब्द आपल्याच माळ्यांना जास्त लागू आहे.

वाचकहो, पावसाळ्याआधी एवढे करा. पेटी उतरवा, पण रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकेक कागद बघा. ओल असेल तर सावलीत वाऱ्यावर सुकवा, कडक उन्हात नको. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पान पिवळे करून खाते. लॅमिनेशन नको, रबरबँड नको. स्वच्छ कागदात गुंडाळा, कोरड्या जागी जमिनीपासून वर ठेवा. वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून पेटीत ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून बघा. पुस्तकाचे नाव, छापखाना, गाव आणि साल एका वहीत लिहून काढा. घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून ते कोणाचे, कुठून आणले, हेही विचारून घ्या. ही वही नसेल तर पेटीतला कागद मुका राहतो. सांभाळणे जमत नसेल तर जवळच्या वाचनालयाला दाखवा, आधी मोबाईलवर सगळ्या पानांचे फोटो काढून.

त्या मुलाची आई संध्याकाळी आली. म्हणाली, "भाऊजी, सासऱ्यांचं अक्षर इतकं चांगलं होतं, मला ठाऊकच नव्हतं. आता माळ्यावर नाही ठेवत, कपाटात ठेवते."

त्या घरात कपाट एकच आहे. कोणाचे तरी दोन कप्पे कपडे आता दोरीवर आले असतील.